आधी दोष कुठे, मग दोष काय: फोनवर वायफाय चालेना तेव्हा

मी बडोद्यात दूरसंचार खात्यात लाइनवर काम केलं. फोन बंद असल्याची तक्रार आली की नवा मुलगा थेट घरात शिरायचा आणि रिसीव्हर उघडून बसायचा. जुने लाइनमन तसं करत नसत. ते आधी डीपी, म्हणजे गल्लीतली तारा जोडायची पेटी उघडायचे, घराकडे जाणारी तारांची जोडी सोडवायचे आणि तिथेच आपला टेस्ट फोन लावून ऐकायचे. टोन आला तर दोष घराच्या बाजूला, नाही आला तर एक्स्चेंजच्या बाजूला. दोन मिनिटांत अर्धी लाइन शोधातून बाद व्हायची. आज तांब्याची जोडी जाऊन काचेची तार आली, पण शोधायची रीत तीच आहे. वायफायच्या बाबतीत ती फारसं कुणी वापरत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

दांडिया बाजारात आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत. त्यांचं नेट बंद पडलं तेव्हा मदतीला आलेल्या मुलाने फोन फॅक्टरी रीसेट केला. आजोबांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो त्यात होते, ते गेले. आणि दोष फोनमध्ये नव्हताच. घरातल्या नेटच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत होता, तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं. तेव्हा हे आधीच सांगतो: वायफाय चालत नाही म्हणून फोन फॅक्टरी रीसेट करू नका, दुसऱ्याला करू देऊ नका.

चार कड्यांची साखळी

तुमचा फोन, मधली हवा, राउटर (घरभर वायफाय पसरवणारा डबा) आणि राउटरच्या मागची लाइन, अशा या चार कड्या. फोनवर वायफायच्या ज्या कमानी दिसतात त्या फक्त पहिल्या दोन कड्यांबद्दल सांगतात. राउटरचा आवाज फोनला किती मोठा ऐकू येतो, एवढाच त्यांचा अर्थ. लाइन तुटलेली असली तरी राउटर मोठ्याने बोलतच राहतो. म्हणूनच ‘सगळ्या कमानी भरलेल्या आहेत, तरी काही उघडत नाही’ असं होतं आणि माणूस गोंधळतो.

शोध सुरू करण्याआधी फोनचा मोबाइल डेटा बंद करा. नाहीतर वायफाय अडखळलं की फोन गुपचूप सिमकार्डच्या नेटवर जातो आणि तुम्हाला वाटतं, झालं दुरुस्त. अँड्रॉइडमध्ये आपोआप डेटावर जाण्याची सोय असते, आयफोनमध्ये तिला ‘वायफाय असिस्ट’ म्हणतात. महिनाअखेरीला डेटा संपण्यामागे पुष्कळदा हीच सोय असते.

आता तीन गोष्टी याच क्रमाने करा.

घरातला दुसरा फोन घ्या आणि त्याच जागी उभं राहून त्याच वायफायवर एखादं कधी न उघडलेलं पान उघडा. कधी न उघडलेलं अशासाठी, की जुनं पान फोनच्या साठ्यातूनही दिसू शकतं. दुसऱ्या फोनवर नेट चाललं तर दोष पहिल्या फोनमध्ये. दोन्हींवर नाही चाललं तर फोनला हात लावू नका.

मग दोन्ही फोन राउटरपासून पाच-सहा फुटांवर न्या. तिथे चाललं आणि आतल्या खोलीत नाही चाललं, तर दोष हवेच्या कडीत.

राउटरजवळही चाललं नाही तर डब्यावरचे दिवे पाहा.

यासाठी पाच मिनिटं लागतात. पुढचं सगळं वाचायची गरज नाही, तुमची कडी जिथे आहे तो भाग वाचा.

दिवे काय सांगतात

घरात फायबर असेल तर ती बारीक, बहुधा पिवळी किंवा पांढरी तार ज्या डब्यात शिरते त्याला ओएनटी म्हणतात. बऱ्याच घरांत ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात. त्यावर ‘पॉन’ नावाचा दिवा असतो, तो हिरवा आणि स्थिर हवा. ‘लॉस’ नावाचा दुसरा दिवा एरवी विझलेला असतो. तो लाल लुकलुकला की समजा, प्रकाश तुमच्या घरापर्यंत पोचतच नाही. याला घरात दुरुस्ती नाही, अपवाद एकच. तार कपाटाच्या मागे दाबली गेली आहे का, दारात अडकून काटकोनात वळली आहे का, एवढं बघा. काचेचा तो धागा केसाइतका बारीक असतो. तीव्र वळण पडलं की तार न तुटताही प्रकाश वळणावरच बाहेर गळतो. वळण हलकेच मोकळं करा. टोकाचा हिरवा जोड काढून बोटाने पुसू नका, आणि त्या टोकाकडे डोळा लावून पाहू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो असतो.

बडोद्यात या लाल दिव्याचा एक ठरलेला हंगाम आहे: १४ जानेवारीची उत्तरायण आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण. जुन्या शहरात फायबर एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर लोंबत गेलेलं असतं. त्यावर पतंग अडकला की पोरं लंगर टाकून ओढतात. पतंग सुटतो, तारेला मुरड बसते. आमच्या गल्लीत हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पोरांना रागावून उपयोग नाही, पण आपली तार कुठून येते ते प्रत्येक घरात एकाला तरी माहीत असावं. संध्याकाळी गच्चीवर जाऊन तिच्यावर अडकलेला मांजा कात्रीने कापून काढावा, ओढू नये.

आणि पुराचं. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, ते कुणी विसरलेलं नाही. अशा वेळी रस्त्यावरच्या पेटीचीच वीज गेलेली असते, तुमच्या फोनच्या सेटिंग्ज बदलून काही होणार नाही. भिजलेला अडॅप्टर मात्र वाळल्यासारखा दिसला तरी प्लगमध्ये घालू नका. नवा घ्या.

राउटर बंद करून चालू करण्याची रीत

सगळे दिवे ठीक, तरी दोन्ही फोनवर नेट नाही. आता राउटर बंद करा. बटण दाबून लगेच चालू करू नका, तीस सेकंद थांबा, म्हणजे आतला उरलासुरला विद्युतभार जाऊन तो खरोखर नव्याने सुरू होतो. ओएनटी वेगळा असेल तर दोन्ही बंद करा, आधी ओएनटी लावा, त्याचा पॉन दिवा स्थिर होऊ द्या, मग राउटर. उलट क्रमाने लावलं तर राउटर लाइन शोधतो तेव्हा लाइन आलेलीच नसते.

मागच्या बाजूला टाचणी जाईल एवढं भोक असतं, त्यावर ‘रीसेट’ लिहिलेलं असतं. त्यात टाचणी घालू नका. त्याने राउटर नव्याने सुरू होत नाही, कोरा होतो. कंपनीने भरून दिलेलं लॉगिनचं नाव आणि पासवर्डही पुसला जातो आणि मग माणूस यायची वाट पाहावी लागते.

दिवसातून दोनदा राउटर बंद-चालू करावा लागत असेल तर तो तापतो आहे का ते पाहा. मे महिन्यात बडोद्यात ४२ अंश, त्यात राउटर टीव्हीच्या बंद कपाटात, क्रोशाच्या रुमालाखाली. रुमाल काढा, कपाटातून बाहेर आणा. अडॅप्टर जुना झाला की पुरेसा दाब देत नाही, त्यामुळेही राउटर मधूनच स्वतः बंद पडून सुरू होतो. दुसरा अडॅप्टर लावायचा तर व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त.

नाव दिसतं, जोडलंही जातं, पण फोन ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ यावरच अडकतो, अशी एक वेगळी तक्रार असते. राउटर प्रत्येक फोनला घरातला एक पत्ता देतो. तो पत्ता मिळाला नाही तर पुढे काही होत नाही. आयफोनमध्ये वायफायच्या नावापुढच्या ‘आय’वर बोट ठेवा: पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर तो राउटरने दिलेला नाही, फोनने स्वतःच घेतलेला आहे. गौरी-गणपतीला पंचवीस माणसं घरी येतात, प्रत्येकाच्या खिशात फोन, शिवाय टीव्ही आणि कॅमेरे. साध्या राउटरची एका वेळी किती उपकरणं सांभाळायची याला मर्यादा असते. पाहुणे गेल्यावर राउटर एकदा बंद-चालू केला की जुने पत्ते मोकळे होतात.

याचं दुसरं कारण जास्त त्रास देतं. रावपुऱ्यातल्या एका वाड्यात भाच्याने माडीवर जुना राउटर आणून लावला. सद्हेतूने लावला होता. पण आता दोन राउटर पत्ते वाटत होते आणि दोघांचा स्वतःचा पत्ताही एकच होता, १९२.१६८.१.१. कुणाचा फोन चाले, कुणाचा नाही, आणि रोज वेगवेगळ्या माणसाचा. वरच्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, त्याचं पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं आणि खालून आलेली तार ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ लिहिलेल्या खोबणीत लावली. तेव्हापासून तो वाडा शांत आहे. घरात दुसरा राउटर लावायचा तर असाच लावा.

हवेची कडी, म्हणजे भिंती

जुन्या बडोद्यातल्या घरांना ही कडी सगळ्यांत जास्त छळते. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी इथल्या वाड्यांच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, विटांच्या. दिवाणखान्यात नेट धावतं आणि देवघराच्या मागच्या खोलीत मेलेलं असतं.

वायफाय बहुधा दोन पट्ट्यांत चालतं: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लाट सुमारे साडेबारा सेंटिमीटरची, दुसऱ्याची तिच्या निम्म्याहून कमी. ५च्या पट्टीत जागा मोठी, म्हणून ती जास्त माहिती नेते, पण तिची आखूड लाट भिंतीत लवकर जिरते. म्हणून राउटर असलेल्या खोलीत ५ वापरा, दोन भिंतींपलीकडे २.४. पुष्कळ राउटर दोन्हींना एकच नाव देतात आणि फोनने कुठली पट्टी धरली ते कळत नाही. मी माझ्याकडे दोन वेगळी नावं ठेवली आहेत आणि तोच सल्ला देतो, निदान दोष सापडेपर्यंत तरी.

भिंतीपेक्षाही धातू आणि पाणी वाईट. लोखंडी कपाट, मोठा आरसा (त्याच्या मागे धातूचा मुलामा असतो), माशांची काचपेटी, पाण्याची टाकी यांच्या मागे राउटर ठेवू नका. डासांसाठी लावलेलं स्टीलच्या जाळीचं दारही लाट अडवतं. वारा त्यातून येतो म्हणून वायफायही येईल असं वाटतं, पण लाटेच्या मानाने जाळीची भोकं फार बारीक असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या काचेत जाळी असते ती याच कारणाने. ओव्हनवरून आठवलं: तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. रोज जेवण गरम करायच्या वेळीच नेट अडखळत असेल तर फोन ५वर घ्या.

जागा नेमकी मोजायची असेल तर अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं फुकट ॲप घ्या. ते सिग्नलच्या जोराचा आकडा डीबीएम या एककात दाखवतं आणि तो उणे असतो, म्हणजे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७०च्या खाली रखडायला लागतं, उणे ८०ला जोडणी नावालाच. फोन हातात धरून खोलीखोलीत फिरा आणि आकडे कागदावर लिहा. मग राउटर फूटभर उचलून, आडोशातून काढून परत फिरा. एकदा फक्त स्टुलावरून भिंतीतल्या फळीवर ठेवल्याने पंधरा आकड्यांचा फरक पडलेला मी पाहिला आहे.

फ्लॅटमध्ये भिंती पातळ, पण शेजारी फार. अलकापुरी किंवा गोत्रीतल्या इमारतीत ते ॲप उघडा, एका जागी वीस-पंचवीस राउटर दिसतील. २.४ पट्टीत भारतात १ ते १३ वाहिन्या (चॅनल) आहेत, पण त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. १, ६ आणि ११ या तीनच एकमेकींना धक्का न लावता चालतात. तुमच्याकडे ज्या वाहिनीवर गर्दी कमी दिसते ती राउटरच्या सेटिंगमध्ये निवडा आणि वाहिनीची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केल्याने वेग वाढेल असं वाटतं, पण गर्दीत उलटंच होतं.

वाहिनीचीच आणखी एक गोष्ट बडोद्यात वारंवार दिसते, कारण इथल्या घराघरातलं कुणीतरी अमेरिकेत असतं. तिथून आणलेल्या काही फोनना १२ आणि १३ या वाहिन्या ऐकूच येत नाहीत, कारण तिथे त्या सहसा वापरत नाहीत. राउटरने आपोआप १३ निवडली की घरातल्या सगळ्या फोनवर नाव दिसतं, फक्त लेकीने पाठवलेल्या फोनवर दिसत नाही. वाहिनी ११ करा, नाव दिसायला लागेल. तसंच ५ गिगाहर्ट्झ न समजणारे जुने फोनही असतात. त्यांना ते नाव कधीच दिसणार नाही, तो बिघाड नव्हे.

एवढं करूनही मागची खोली कोरडी राहिली तर एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय ऐकून पुढे पाठवणारा डबा, घेण्याआधी थांबा. साधा एक्स्टेंडर तीच वाहिनी ऐकायला आणि तीच बोलायला वापरतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो मेलेल्या खोलीतच लावतात, जिथे त्यालाच काही ऐकू येत नाही. तो अर्ध्या वाटेवर लावायचा असतो. जाड भिंतीच्या घराला माझं मत सरळ आहे: एक छिद्र पाडा, तार न्या, पलीकडे दुसरा राउटर वर सांगितल्याप्रमाणे लावा.

दोष फोनमध्येच असेल तर

सौम्य उपायापासून सुरुवात करा आणि प्रत्येक पायरीनंतर नेट आलं का ते तपासून मगच पुढे जा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने काम झालं ते कळत नाही.

विमान मोड दहा सेकंद चालू करून बंद करा. नाही झालं तर फोन बंद करून चालू करा.

तारीख आणि वेळ पाहा. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही फोनची तारीख मागे जाते. मग प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचं प्रमाणपत्र फोनला अवैध वाटतं आणि वायफाय ठीक असून काही उघडत नाही. तारीख-वेळ ‘आपोआप’वर ठेवा.

व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) किंवा जाहिराती अडवणारं ॲप असेल तर बंद करा. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकड्यांचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेला डीएनएस म्हणतात. अँड्रॉइड ९पासून सेटिंग्जमध्ये ‘खासगी डीएनएस’ नावाची जागा आहे. कुणी तिथे एखादा सर्व्हर भरून ठेवला आणि तो बंद पडला, तर वायफायवर नेट येत नाही आणि मोबाइल डेटावरही येत नाही. दोन्हीकडे एकदम बंद, ही याची ओळख. ती जागा ‘ऑटोमॅटिक’ करा. व्हॉट्सॲप चालतं पण संकेतस्थळं उघडत नाहीत, असं असलं तरी संशय डीएनएसवरच घ्यावा. तेव्हा त्या वायफायच्या तपशिलात डीएनएस हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून पाहता येतं (आकडे इंग्रजी कळांनी टाका). पहिला गूगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा.

आता ‘नेटवर्क विसरा’. वायफायच्या नावावर बोट दाबून ते काढून टाका आणि पासवर्ड घालून पुन्हा जोडा. राउटरचा पासवर्ड बदलला असेल तर फोन जुनाच घेऊन दार ठोठावत राहतो, त्यावर हाच उपाय. पासवर्ड टाइप करताना तो दिसेल असं डोळ्याचं चिन्ह दाबा. पहिलं अक्षर फोन आपोआप मोठं करतो आणि ते चुकतं, वयस्कर मंडळींकडे तर फारच.

जुना फोन नव्या राउटरला ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ म्हणत असेल तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३वर ठेवलेली असू शकते. ती २०१८मध्ये आली, त्याआधीचे फोन तिला बहुधा ओळखत नाहीत. राउटरमध्ये ‘डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र’ निवडा. पासवर्डशिवाय उघडं मात्र ठेवू नका, कुणीही कितीही सांगितलं तरी.

ऑफिसात किंवा वसतिगृहात ठरावीक फोनच चालतील अशी नोंद केलेली असते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन आपली खरी ओळख लपवून प्रत्येक वायफायला वेगळा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळखक्रमांक, सांगतात. त्यामुळे नोंदवलेला फोनही परका ठरतो. त्या एका वायफायपुरती ‘फोनचा मॅक’ वापरण्याची निवड करा, आयफोनवर ‘खासगी वायफाय पत्ता’ बंद करा.

फोन खिशात असताना किंवा स्क्रीन बंद झाल्यावरच वायफाय सुटत असेल तर बॅटरी सेव्हर बघा. धातूचं किंवा लोहचुंबक लावलेलं कव्हर काढूनही एकदा पाहा.

सगळ्यात शेवटी नेटवर्क रीसेट. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रीसेट पर्याय आणि त्यात वायफाय, मोबाइल व ब्लूटूथ रीसेट. काही कंपन्यांच्या आणि काही नव्या फोनमध्ये वाट थोडी वेगळी असते, सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘रीसेट’ लिहिलं की सापडते. आयफोनमध्ये जनरल, ट्रान्सफर किंवा रीसेट, रीसेट, नेटवर्क सेटिंग्ज. यात साठवलेले वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथ जोड्या जातात, फोटो जात नाहीत. त्याच यादीत ‘सर्व डेटा मिटवा’ अशी ओळ असते. बोट ठेवण्यापूर्वी ओळ मोठ्याने वाचा.

स्टेशनवर, रुग्णालयात

सार्वजनिक वायफाय जोडलं तरी आधी नंबर आणि ओटीपी मागणारं पान यावं लागतं. जोडणी झाली की फोन एक छोटं ठरलेलं पान मागतो. अपेक्षित उत्तर आलं नाही की त्याला कळतं, मध्ये कुणी अडवलं आहे, आणि तो साइन-इनची सूचना दाखवतो. व्हीपीएन किंवा खासगी डीएनएस चालू असेल तर हे पान पुष्कळदा येत नाही. ते बंद करून नेटवर्क विसरा आणि पुन्हा जोडा. तिथे बँकेचं काम करू नका.

तक्रार करताना

वेगाची तक्रार असेल तर आधी एकक पाहा. कंपनी मेगाबिट सांगते, फाइल उतरवताना बहुधा मेगाबाइट दिसतात आणि आठ बिट मिळून एक बाइट होते. १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट आले तर ते पूर्ण आहे. मोजणी राउटरजवळ, ५ गिगाहर्ट्झवर आणि बाकीचे फोन बंद ठेवून करा.

फोनवर ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. ‘दोन फोनवर तपासलं, राउटरजवळ उभं राहून तपासलं, लॉस दिवा सकाळी आठपासून लाल आहे, तार वळलेली नाही’ असं सांगा. समोरच्याला पाच प्रश्न विचारावे लागत नाहीत आणि माणूस योग्य हत्यारं घेऊन येतो. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मागून घ्या आणि लिहून ठेवा. तक्रार निकाली निघाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे हा नंबर लागतोच.

माणूस आला की त्याला पॉवर मीटर लावून घरात येणाऱ्या प्रकाशाचा आकडा दाखवायला सांगा. तो विचारल्यावर आनंदाने दाखवतो, मीही दाखवला असता. आकडा साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मध्ये असावा लागतो. उणे २५च्या पलीकडे असेल तर नेट आज सुरू झालं तरी एखाद्या जोडात धूळ किंवा कुठेतरी वळण आहे. तो जायच्या आत जोड साफ करून घ्या, आणि नवा आकडा तारखेसह राउटरच्या पोटाशी चिकटवलेल्या कागदावर लिहा.